घर ‘मॉडर्न’ आहे, पण ‘कंटेम्पररी’ नाही

घरांच्या रचनेवरचं एक इंग्रजी पुस्तक मराठीत आणताना एका तरुण अनुवादकाला एक वाक्य अडलं: ‘द हाउस इज मॉडर्न, बट नॉट कंटेम्पररी.’ हाताशी असलेल्या कोशात दोन्ही शब्दांपुढे ‘आधुनिक’ छापलेलं. म्हणजे घर आधुनिक आहे, पण आधुनिक नाही? त्यावरून त्यांनी मोठा प्रश्न विचारला आहे. इंग्रजीत एखाद्या गोष्टीला मॉडर्न म्हणतात तेव्हा नेमकं काय म्हणायचं असतं? आणि शंभर वर्षांहून जुनं पदार्थविज्ञान अजूनही मॉडर्न कसं?

मी तीसहून जास्त वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतो आहे आणि त्यातली बरीच वर्षं कोशाच्या कामात गेली. अवघड शब्द त्रास देत नाहीत, कारण ते दिसले की माणूस सावध होतो. त्रास देतात ते ओळखीचे वाटणारे. मॉडर्न हा त्यातला पहिल्या रांगेतला शब्द. म्हणून उत्तर थोडं लांबणार आहे.

मुद्दा आधी सांगतो. मॉडर्न हा शब्द तारीख सांगत नाही. तो सांगतो की मध्ये कुठेतरी एक तोड आहे, आणि ही गोष्ट त्या तोडीच्या आपल्या बाजूला आहे. तोड कुठे आहे हे तो शब्द स्वतः कधीच सांगत नाही. ते शेजारचं नाम सांगतं, विषय सांगतो, बोलणारा सांगतो. त्यामुळे मॉडर्न भेटला की ‘हे कधीचं?’ असं विचारण्यापेक्षा ‘हे कशाहून वेगळं?’ असं विचारावं. हा प्रश्न विचारायची सवय लागली की निम्मं काम होतं.

शब्दाचा जन्मच याची साक्ष देतो. लॅटिनमध्ये ‘मोदो’ म्हणजे ‘आत्ताच, नुकतंच’. ‘होदिए’ म्हणजे आज, त्यावरून ‘होदिएर्नुस’ म्हणजे आजचा. त्याच धर्तीवर ‘मोदो’वरून ‘मोदेर्नुस’ घडला. आपल्याकडेही हुबेहूब हेच झालेलं आहे. संस्कृतात ‘अधुना’ म्हणजे आता, आणि अधुनापासून आधुनिक. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता ‘आत्ता’ या एकाच क्रियाविशेषणातून विशेषण काढलं. कोशात आधुनिक आणि मॉडर्न समोरासमोर येऊन बसले ते उगाच नाही. पण जन्म सारखा म्हणून आयुष्यही सारखं जातं असं नाही.

लॅटिन शब्द घडला कधी, ते पाहण्यासारखं आहे. सिसेरो या रोमन वक्त्याच्या काळात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, तो नव्हता. तो दिसू लागतो पाचव्या शतकाच्या अखेरीस, पोप पहिले गेलेशियस यांच्या पत्रांत, आणि मग सहाव्या शतकात कासिओदोरुसच्या लेखनात. ४७६ मध्ये पश्चिमेकडचा शेवटचा रोमन सम्राट पदच्युत झाला होता. कासिओदोरुस इटलीत गॉथ राजांच्या पदरी काम करत होता आणि जुनं रोम त्याच्या दृष्टीने मागे पडलेलं होतं. ‘ते प्राचीन’ आणि ‘आम्ही आत्ताचे’ अशी विभागणी करायची गरज तेव्हा भासली. नुसत्या ‘आता’साठी लॅटिनमध्ये शब्द होते. ‘त्यांच्यानंतरचे आम्ही’ हे सांगायला नवा शब्द लागला. तोडीची जाणीव त्याच्या पोटात सुरुवातीपासून आहे.

फ्रेंचमार्गे तो पंधराव्या-सोळाव्या शतकात इंग्रजीत आला, आणि आला तेव्हा त्यात कौतुक अजिबात नव्हतं. ‘सध्या असलेला’ एवढाच अर्थ. शेक्सपियरच्या काळात तर तो घसरून ‘रोजचा, सामान्य, चावून चोथा झालेला’ इथपर्यंत गेला होता. ‘ॲज यू लाइक इट’मध्ये माणसाच्या सात अवस्थांचं जे प्रसिद्ध भाषण आहे, त्यातला पोट सुटलेला न्यायाधीश ‘वाइज सॉज अँड मॉडर्न इन्स्टन्सेस’ने भरलेला असतो. इथे ‘आधुनिक दाखले’ असं भाषांतर केलं की अर्थ उलटतो. तो न्यायाधीश नव्या विचारांचा नाही. तो सुभाषितं आणि तेच ते घासलेले दाखले ऐकवणारा आहे. ‘मॅकबेथ’मध्येही ‘मॉडर्न एक्स्टसी’ म्हणजे नेहमीचाच, ज्याचं आता कुणाला काही वाटत नाही असा उद्वेग. जुना इंग्रजी मजकूर हाती घेणाऱ्याने ही छटा लक्षात ठेवलीच पाहिजे. मॉडर्न दिसला म्हणून तो आपल्याच ओळखीचा मॉडर्न असेल असं नाही.

शब्दाला बाजू मिळाली ती सतराव्या शतकाच्या शेवटी. २७ जानेवारी १६८७ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच अकादमीसमोर शार्ल पेरो यांनी एक कविता वाचली. आज आपण त्यांना सिंड्रेलाची गोष्ट लिहून ठेवणारे म्हणून ओळखतो. चौदाव्या लुईचं युग सम्राट ऑगस्टसच्या रोमच्या बरोबरीचं आहे असं त्यांनी त्या कवितेत मांडलं, आणि तिथून प्राचीनांचे कैवारी आणि आधुनिकांचे कैवारी असा वाद पेटला. विज्ञानात निकाल सोपा होता. दुर्बीण प्राचीनांकडे नव्हती. पण काव्यात काय? होमरपेक्षा आजचा कवी मोठा, असं म्हणायला किती जण धजतील? वाद इंग्लंडमध्येही पोचला आणि १७०४ मध्ये जोनाथन स्विफ्ट यांनी पुस्तकांच्या लढाईचं रूपक लिहून नव्यांची खिल्ली उडवली. अठराव्या शतकात ‘मॉडर्नाइझ’ हे क्रियापद जुनी इमारत, शब्दांची वर्णरचना, पोशाख यांबद्दल वापरलं जाई, आणि त्यात बहुधा नापसंती असे: चांगलं होतं ते बिघडवलं, अशी. एकोणिसाव्या शतकात वारं फिरू लागलं आणि विसाव्यात मॉडर्न म्हणजे ‘सुधारलेलं’ हा अर्थ घट्ट बसला. आज जाहिरातीत हा शब्द कौतुक म्हणून झळकतो, पण त्याच्या इतिहासात कौतुकाचा काळ फार थोडा आहे.

तरी सगळीकडे कौतुक आलं असं नाही. १९०७ मध्ये पोप दहावे पायस यांनी ‘मॉडर्निझम’ला, म्हणजे धर्मसिद्धान्त नव्या विचारांशी जुळवू पाहणाऱ्या कॅथलिक मतप्रवाहाला, पाखंड ठरवलं, १९१० पासून कॅथलिक धर्मगुरूंना त्याविरुद्ध शपथ घ्यावी लागे, आणि ती अट १९६७ पर्यंत राहिली. त्या काळातल्या चर्चच्या कागदपत्रांत कुणाला मॉडर्निस्ट म्हटलं असेल तर तो आरोप असतो.

आता मूळ गुंत्याकडे. शब्द ‘आत्ता’तून निघाला खरा, पण ‘आत्ता’ पुढे सरकत राहतं आणि शब्द मात्र जागोजाग खिळून बसतो. मी मनाशी या शब्दाचे दोन प्रकार करतो, सरकता मॉडर्न आणि खिळलेला मॉडर्न. सरकता काळाबरोबर चालतो. खिळलेला एकदा नाव बनला की जागचा हलत नाही.

खिळलेल्याची उदाहरणं ढिगाने आहेत. भाषाशास्त्रात मॉडर्न इंग्लिश साधारण १५०० पासून सुरू होते. त्याआधीची चारशे वर्षं मिडल इंग्लिश आणि साधारण ११०० च्या मागची ओल्ड इंग्लिश. या हिशेबाने शेक्सपियरची भाषा मॉडर्न आहे, फार तर ‘अर्ली मॉडर्न’. विद्यार्थी तिला ‘ओल्ड इंग्लिश’ म्हणतात तेव्हा ते भाषेच्या जुनेपणाबद्दल बोलत असतात आणि व्याकरणकार एका कालखंडाचं नाव घेत असतो. खरीखुरी ओल्ड इंग्लिश आजच्या इंग्रजाला परक्या भाषेसारखी शिकावी लागते.

पदार्थविज्ञानात तोड १९०० च्या आसपास आहे. त्या वर्षी माक्स प्लांक यांनी ऊर्जा ठरावीक पुंजांमध्येच दिली-घेतली जाते असं गृहीत धरलं. १९०५ मध्ये आइनस्टाइन यांचा सापेक्षतेवरचा पहिला निबंध आला. त्याच्या मागचं सारं ‘क्लासिकल’, पुढचं ‘मॉडर्न’. पाठ्यपुस्तकावरचं ‘मॉडर्न फिजिक्स’ हे नाव उद्या आणखी शंभर वर्षांनीही तसंच असू शकेल, कारण ते न्यूटनपासून वेगळेपण सांगतं. हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

पुरामानवशास्त्रात तर मॉडर्न अचाट जुना आहे. शरीररचनेने आपल्यासारखा असलेला माणूस तो मॉडर्न ह्यूमन. मोरोक्कोतल्या जेबेल इर्हुद इथे सापडलेले, या वंशातले सुरुवातीचे मानले जाणारे अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. उलट छपाईच्या धंद्यात मॉडर्न म्हणजे १७८० च्या दशकाच्या आसपास पॅरिसमध्ये दिदो आणि पार्मा इथे बोदोनी यांनी घडवलेली अक्षरवळणं: उभ्या रेषा जाड, आडव्या केसासारख्या बारीक, आणि टोकांना सपाट पातळ पट्ट्या. त्याआधीची वळणं ‘ओल्ड स्टाइल’. सव्वादोनशेहून जास्त वर्षं उलटली तरी जाणकार बोदोनीच्या अक्षराला मॉडर्न म्हणतो आणि त्याला त्यात काही विचित्र वाटत नाही.

मॉडर्न पेंटॅथलॉन घ्या. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तो आला तेव्हा त्यात होतं: तलवारबाजी, पोहणं, घोडेस्वारी, नेमबाजी, धावणं. घोडेस्वारी २०२४ च्या ऑलिंपिकपर्यंत राहिली. तलवार आणि घोडा यांत आजचं काय? काहीच नाही, आणि मॉडर्न हा शब्द तसा दावाही करत नाही. प्राचीन ग्रीकांच्या पंचखेळात धावणं, लांब उडी, थाळी, भाला आणि कुस्ती होती. त्या पंचखेळाहून हा पंचखेळ वेगळा, एवढंच त्या मॉडर्नचं म्हणणं.

इतिहासात तोड कुठे मानायची यावरच घोळ आहे. प्राचीन, मध्ययुगीन आणि मॉडर्न ही त्रिभागणी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रिस्टोफ सेलारियस या जर्मन विद्वानाच्या ग्रंथांमुळे रुळली. १७२४ मध्ये पहिल्या जॉर्ज राजाने ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये मॉडर्न हिस्टरीची प्राध्यापकपदं निर्माण केली. पण तिथे मॉडर्न म्हणजे ग्रीक-रोमन जग संपल्यानंतरचं बहुतेक सगळं, आपण ज्याला मध्ययुग म्हणतो तेसुद्धा. दुसरा इतिहासकार १५०० पासून सुरुवात करील, तिसरा फ्रेंच राज्यक्रांतीपासून. म्हणून ‘मॉडर्न हिस्टरी’ला ‘अर्वाचीन इतिहास’ म्हणायला मी तयार आहे, पण पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिल्याशिवाय नाही.

‘मॉडर्न लँग्वेजेस’ने मला सुरुवातीच्या काळात चांगला धडा दिला. एका चरित्रात नायक विद्यापीठात मॉडर्न लँग्वेजेस शिकवायला लागतो असं होतं. मी ‘आधुनिक भाषा’ लिहून मोकळा झालो. हस्तलिखित वाचणाऱ्या संपादकांनी समासात एवढंच लिहिलं: ‘मग अनाधुनिक भाषा कोणत्या?’ मला उत्तर देता आलं नाही, आणि उत्तर शोधताना अर्थ उघडला. तिथली तोड लॅटिन-ग्रीक विरुद्ध फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशी आहे. ‘आज बोलल्या जाणाऱ्या युरोपीय भाषा’ असं लिहिलं असतं तर वाचक अडखळला नसता. तेव्हापासून संपादकांचा तो प्रश्न मी प्रत्येक मॉडर्नला विचारतो.

खिळणं आणि सरकणं यांची ओढाताण सगळ्यात स्पष्ट दिसते ती चित्रकलेत. न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट १९२९ मध्ये सुरू झालं. त्याचे पहिले संचालक आल्फ्रेड बार यांना मॉडर्न सरकता हवा होता. १९३३ मध्ये त्यांनी संग्रहाची तुलना काळातून पुढे जाणाऱ्या पाणतीराशी, म्हणजे टॉर्पेडोशी, केली. टोक सतत पुढे जाणाऱ्या वर्तमानात, शेपूट पन्नास ते शंभर वर्षं मागे, आणि टोक पुढे गेलं की शेपूटही पुढे. म्हणजे चित्र जुनं झालं की ते संग्रहातून बाहेर पडणार. हे केवळ बोलणं नव्हतं. १९४७ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाशी करार झाला: जी चित्रं आता अभिजात ठरली ती तिकडे द्यायची आणि आलेल्या पैशातून नवी घ्यायची. कल्पना तर्काला अगदी धरून होती. पण हातातली उत्तमोत्तम चित्रं सोडायची कुणी? १९५३ मध्ये संग्रहालयाने हे धोरण सोडलं आणि श्रेष्ठ कृती कायमच्या ठेवायचं ठरवलं. व्हॅन गॉग यांचं ‘द स्टारी नाइट’ १८८९ चं. १९४१ मध्ये ते तिथे आलं, आणि आजही त्याच मॉडर्न संग्रहात आहे. पाणतीर थांबला, असं मी म्हणेन. थांबला तिथे मॉडर्न आर्ट हे एका काळाचं नाव झालं: साधारण १८६० च्या दशकापासून पुढची शंभरेक वर्षं.

मग आजच्या चित्रांना काय म्हणायचं? बॉस्टनमधल्या इन्स्टिट्यूट ऑफ मॉडर्न आर्टने हे आधीच हेरलं होतं. १९४८ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावातला मॉडर्न काढला आणि ‘कंटेम्पररी’ घातला, कारण मॉडर्न हा शब्द आता एका विशिष्ट पंथाचा, एका शैलीचा झाला आहे असं त्यांचं मत बनलं होतं. तेव्हा ते धाडसाचं आणि वादाचं ठरलं. आज जगभर कलेच्या व्यवहारात हीच वाटणी चालते. कंटेम्पररी म्हणजे बोलणाऱ्याच्या काळातलं, आणि मॉडर्न म्हणजे एक घडून गेलेलं पर्व.

इमारतींचं तसंच, आणि इथे आपण तुमच्या घराच्या जवळ येतो. इंग्रजीत ‘न्यू बिल्डिंग’ आणि ‘मॉडर्न बिल्डिंग’ यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. पॅरिसजवळ प्वासी इथे वास्तुशिल्पी ल कॉर्बूझिए यांचं व्हिला साव्वा हे घर आहे, १९३१ मध्ये पुरं झालेलं. बारीक खांबांवर उचललेला पांढरा चौकोनी खोका, भिंतीभर आडव्या खिडक्या, सपाट छत, नक्षीचा मागमूस नाही. ते नव्वदीच्या पुढे गेलं आहे आणि पूर्ण मॉडर्न आहे. उलट इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात पाउंडबरी ही वसाहत १९९३ पासून बांधली जाते आहे, मुद्दाम जुन्या इंग्रजी गावांच्या वळणाची. तिथलं एखादं घर गेल्या वर्षी पुरं झालेलं असेल. ते न्यू आहे, मॉडर्न नाही. नव्याला मॉडर्न असावंच लागत नाही, आणि मॉडर्नला नवं.

संगणकाच्या क्षेत्रात तर दोन्ही प्रकार एकाच टेबलावर दिसतात. ‘मॉडर्न ब्राउझर’ सरकता. दहा वर्षांपूर्वी जो मॉडर्न होता तो आज नाही. पण सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबद्दल ‘मॉडर्न सी प्लस प्लस’ म्हटलं की प्रोग्रॅमर तिच्या २०११ च्या प्रमाणापासून पुढची लिहिण्याची पद्धत समजतो. तिथे खिळा ठोकला गेला आहे.

हातातला मॉडर्न कोणता हे ओळखायला एक साधी कसोटी आहे. त्याच्याआधी ‘व्हेरी’ लावून पाहा. ‘अ व्हेरी मॉडर्न किचन’ सहज चालतं. ‘व्हेरी मॉडर्न फिजिक्स’ कानाला खटकतं. पहिल्या ठिकाणी मॉडर्न गुण सांगतो आणि गुण कमी-जास्त असू शकतो. दुसऱ्या ठिकाणी तो प्रकाराचं नाव सांगतो, आणि नावात कमी-जास्त नसतं. दुसरी खूण जागेची. गुण सांगणारा मॉडर्न वाक्याच्या शेवटीही बसतो, ‘द किचन इज मॉडर्न’. नाव झालेला मॉडर्न बहुतेक नामाला चिकटूनच राहतो. तिसरी खूण आपल्या हातातून निसटते ती लिपीमुळे. इंग्रजीत नाव झालेलं विशेषण पुष्कळदा मोठ्या अक्षराने सुरू करतात. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही. इंग्रजी वाचकाला जी खूण डोळ्याने मिळते ती मराठी वाचकाला शब्दनिवडीतूनच द्यावी लागते. अनुवादकावर हा जास्तीचा भार आहे आणि तो उचलायलाच हवा.

आता ज्या गोष्टीबद्दल मला मनापासून काळजी वाटते ती. गुण सांगणारा मॉडर्न निवाडाही करत असतो. आज जगणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला मॉडर्न म्हटलं की दुसरा आपोआप मागच्या काळात ढकलला जातो, जरी दोघांच्या भिंतीवर एकाच वर्षाचं कॅलेंडर असलं तरी. योहानेस फाबियन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये आपल्याच विद्याशाखेवर हा आक्षेप घेतला होता की, ज्या लोकांमध्ये राहून अभ्यास करायचा त्यांनाच लिहिताना वेगळ्या, जुन्या काळात नेऊन ठेवायचं, ही सवय तिला जडली आहे. ‘मॉडर्न सोसायटीज’, ‘मॉडर्न फॅमिली’, ‘मॉडर्न मेडिसिन’ असं वाचताना तोडीच्या पलीकडे कोण उरलं ते पाहावं. वैद्यकाच्या बाबतीत ती तोड पुष्कळदा खरी आणि कामाची असते, कारण पुरावा तपासण्याची पद्धतच बदलली. समाजाच्या बाबतीत ती बहुधा लेखकाच्या डोक्यात असते. मूळ लेखकाने असा निवाडा केला असेल तर तो तसाच आणावा. पण त्याने केला नसताना ‘आधुनिक’ लिहून आपण तो घुसवू नये.

कारण मराठीत ‘आधुनिक’ला कौतुकाचा गंध इंग्रजीपेक्षा जास्त आहे. ‘मॉडर्न स्लेव्हरी’ हे त्याचं ठळक उदाहरण. ब्रिटनमध्ये २०१५ मध्ये या नावाचा कायदाच झाला: वेठबिगारी, माणसांची तस्करी, जबरीचं काम यांविरुद्ध. तिथे मॉडर्न म्हणजे ‘संपली असं आपण समजतो ती, पण आजही चालू असलेली’. बातम्यांत तिला ‘आधुनिक गुलामगिरी’ म्हटलेलं दिसतं. माझ्या कानाला त्यात काहीतरी सुधारून आल्यासारखं वाटतं. ‘आजच्या काळातली गुलामगिरी’ हे लांब आहे, पण त्यात लाज तशीच राहते. ‘मॉडर्न-डे’ हा जोडशब्द आला, तर शंभर टक्के हाच मार्ग. ‘अ मॉडर्न-डे रॉबिन हूड’ हा आधुनिक विचारांचा रॉबिन हूड नव्हे, तो आजच्या काळात जन्मलेला रॉबिन हूड.

आणि एक सापळा उलट बाजूचा, मराठी माणूस इंग्रजी लिहितो तेव्हाचा. मराठीत ‘मॉडर्न’ हा शब्द आपण घेतला तो बराचसा कपडे आणि वागणुकीपुरता: ‘मुलगी फार मॉडर्न आहे’, ‘सासू मॉडर्न आहे’. तोच अर्थ धरून कुणी इंग्रजीत ‘माय पेरेंट्स आर व्हेरी मॉडर्न’ लिहिलं, तर ब्रिटिश किंवा अमेरिकी वाचकाला नीटसं काही कळत नाही. त्याला तिथे ‘लिबरल’ किंवा ‘ओपन-माइंडेड’ हवं असतं. तसंच नुकत्याच निघालेल्या पुस्तकाला ‘रीसेंट बुक’, आत्ताच्या भावाला ‘करंट प्राइस’, ताज्या फोनला ‘न्यू’ किंवा ‘लेटेस्ट’. या जागी मॉडर्न घातला की वाक्य लगेच परकं वाटतं, कारण तिथे कसली तोडच नाही, नुसती तारीख आहे. आणि ‘इन धिस मॉडर्न वर्ल्ड’ने निबंध सुरू करू नये. त्यातून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

मॉडर्नच्या कुळातले तीन शब्द मराठीत नेहमी एकमेकांत मिसळतात, त्यांचा निकाल झटपट लावतो. ‘मॉडर्निटी’ ही स्थिती, आधुनिकता. ‘मॉडर्नायझेशन’ ही प्रक्रिया, आधुनिकीकरण. ‘मॉडर्निझम’ ही कला-साहित्यातली चळवळ, आधुनिकतावाद. आधुनिकतावादी कवी आधुनिकतेवर खूश असतोच असं नाही. कित्येकदा तिच्यामुळे उद्ध्वस्त झालेला असतो. ‘पोस्टमॉडर्न’ हा शब्द ‘आत्तानंतरचा’ असा हास्यास्पद वाटतो तो मॉडर्न सरकता धरला म्हणून. खिळलेला धरा, म्हणजे त्या चळवळीनंतरचा, की अडचण मिटते.

आता तुमचं वाक्य. घरांच्या रचनेवरचं पुस्तक आहे, म्हणजे मॉडर्न खिळलेला असण्याची शक्यता जास्त: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झालेली आणि मध्यापर्यंत बहरलेली ती शैली, सपाट छपरांची, मोठमोठ्या काचांची, विनानक्षीची. इंग्रजीत ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ म्हणतात ती याच घराण्यातली. कंटेम्पररी सरकता आहे, आज ज्या पद्धतीने घरं बांधली जातात ती. लेखक म्हणतो आहे की घराची शैली त्या पर्वातली आहे, आजच्या वळणाची नाही. व्याकरणाची कसोटी इथे थोडी फसवी आहे, कारण शब्द वाक्याच्या शेवटी बसला आहे. पण शेजारी कंटेम्पररी उभा असल्यामुळे तोड कुठली ते त्यानेच दाखवून दिलं. पुढच्या-मागच्या पानांवर घराचं साल किंवा छायाचित्र असेल तर ते एकदा ताडून घ्या. जुळलं, तर मी असं लिहीन: ‘घर आधुनिकतावादी शैलीचं आहे, आजच्या पद्धतीचं नाही.’ आणि पुस्तकात ही जोडी वारंवार येत असेल, तर पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळींत ही शैली कोणती ते सांगून टाका, म्हणजे पुढे नुसतं ‘आधुनिकतावादी’ म्हटलेलं पुरेल.